सी स्टॉक हायड्रो : गॅरेजातल्या नोंदी

११ जानेवारी

शर्यतीची बोट आणि तिचं इंजिन दोन्ही आज गॅरेजात आली. बोट मरीन प्लायवुडची, साडेदहा फुटांच्या आसपास. पुढे दोन्ही बाजूंना स्पॉन्सन, म्हणजे पाण्याला टेकणारे फुगवटे, मधे गुडघे टेकून बसायची जागा, उजव्या हाताला स्टिअरिंग, डाव्या हाताला मुठीत दाबायचा थ्रॉटल. मूठ सैल झाली की स्प्रिंग थ्रॉटल बंद करते. मागच्या फळीवर चढणारं इंजिन जपानी आहे, यामाटो १०२ : दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, चारशे सीसीच्या आसपास. गिअर बदलायची सोय नाही, न्यूट्रल नाही, रिव्हर्स तर नाहीच. इंजिन पेटलं की पंखा (प्रोपेलर) फिरलाच. म्हणून सुरू करताना मदतनीस बोटीची मागची बाजू पाण्याबाहेर उचलून धरतो, दोरी ओढायची, इंजिनाने आवाज धरला की बोट खाली टेकवायची आणि सुटायचं.

संध्याकाळी शेजारी डोकावले. पहिला प्रश्न ठरलेला : किती हॉर्सपॉवर? या खेळात त्या प्रश्नाला जवळजवळ काही अर्थ नाही, आणि तो का नाही हे नीट लिहून ठेवायचं म्हणूनही ही वही उघडली आहे. इथे विचारायचा प्रश्न एकच : कुठला क्लास, म्हणजे शर्यतीचा कुठला गट?

माझा क्लास सी स्टॉक हायड्रो. जूनपर्यंत शर्यतीला उभं राहायचं आहे.

१८ जानेवारी

बॉथेलमध्ये दिवसभर पाऊस. सिअ‍ॅटलकडचा जानेवारी असाच असतो, त्यामुळे नियमपुस्तक वाचून काढलं.

अमेरिकन पॉवर बोट असोसिएशन १९०३ची. इथल्या हौशी शर्यती बहुतेक तिच्याच नियमांनी होतात. आउटबोर्डच्या, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनांच्या जगात तिने जी विभागणी केली आहे तिच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : कारखान्यातून आलेल्या इंजिनाला तुम्ही किती हात लावायचा? स्टॉकमध्ये हात लावायचाच नाही. इंजिन कारखान्याने जसं दिलं तसंच, इंधन पेट्रोल आणि ऑइल. मॉडिफाइडमध्ये ब्लॉक तोच, पण आतले पोर्ट (वायू आत-बाहेर जाण्याच्या खिडक्या) कोरता येतात, बाकीही बरंच बदलता येतं. त्याच्या वर प्रो. तिथली इंजिनं शर्यतीसाठीच घडवलेली, मिथेनॉलवर चालणारी, आणि क्लासची नावं थेट सीसीत : १२५, १७५, २५०, ३५०, ५०० आणि वर. टनेल बोटी (ज्यांच्या तळाखालून हवेचा बोगदा जातो) आणि मोठ्या आउटबोर्डचं घर वेगळं, त्याला आउटबोर्ड परफॉर्मन्स क्राफ्ट म्हणतात.

मग आडवी विभागणी बोटीच्या आकाराची. हायड्रो म्हणजे वेगात असताना दोन स्पॉन्सन आणि मागचा पंखा एवढ्या तीन ठिकाणीच पाण्याला टेकणारी. मधल्या पोकळीतून हवा जाते आणि बोट उचलून धरते. रनअबाउट म्हणजे सलग तळाची. तिला हवेचा असा आधार नाही, त्यामुळे ती उसळते, आणि वळणावर चालवणाऱ्याला अख्खं अंग बाहेर काढून तोल सांभाळावा लागतो. इंजिन तेच ठेवून बोट बदलली की क्लास बदलतो. म्हणजे एका यामाटोवर सी स्टॉक हायड्रो आणि सी स्टॉक रनअबाउट अशा दोन शर्यती एकाच दिवशी धावता येतात, आणि बरेच जण धावतात. एक इंजिन खोलायचं, फळीवरून फळीवर चढवायचं, पुन्हा पाण्यात. ट्रेलरवर दोन बोटी आणि एकच इंजिन हे इथलं नेहमीचं दृश्य आहे.

प्रोबद्दल एक नोंद, कारण हा किस्सा मला फार आवडतो. बर्लिनच्या कोनिग कंपनीची इंजिनं या शर्यतींत वर्षानुवर्षं नावाजलेली. त्यांचं ५०० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन किम न्यूकोम या न्यूझीलंडच्या माणसाने मोटारसायकलला बसवलं आणि १९७३च्या ५०० सीसी विश्वविजेतेपदात तो दुसरा आला. होडीच्या इंजिनावर! हंगाम संपण्याआधीच सिल्व्हरस्टोनला झालेल्या अपघातात तो गेला. दुसरा क्रमांक त्याला मरणोत्तर मिळाला.

२ फेब्रुवारी

आबांना कोल्हापूरला फोन. उद्यमनगरात त्यांनी आयुष्यभर ऑइल इंजिनांचे लायनर बोअर केले, होन केले. इंजिन खोललंय म्हटल्यावर त्यांचा आवाजच बदलला.

"पोर्ट कसे आहेत?"

"ओतकाम जसंच्या तसं आहे, आबा. आत खरखरीत आहे."

"मग घास की जरा. एक्झॉस्टची वरची कड मिलिमीटरभर वर घे. आरएक्स १००ला करायचो तसं."

ज्याने कोल्हापुरात वा पुण्यात टू-स्ट्रोकचे दिवस पाहिलेत त्याला हे समजावून सांगायला नको. टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात आणि पिस्टन वरखाली जाताना त्या उघडतो-झाकतो. एक्झॉस्टच्या खिडकीची वरची कड जितकी वर, तितका जळका वायू लवकर बाहेर. इंजिन वरच्या फेऱ्यांवर जास्त जोर देतं आणि खालच्या फेऱ्यांवर मंद होतं. एक कानस, एक दुपार, आणि इंजिनाचा स्वभाव बदलतो.

मी म्हटलं, "आबा, तेच करायचं नाही. तसं केलं की मी स्टॉकमधून बाहेर. मॉडिफाइडमध्ये जावं लागेल, आणि तिथे पोर्ट कोरण्यात हयात घालवलेली माणसं बसलीत."

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ज्याला येतं त्यानं ते दाखवायचंच नाही?"

प्रश्न रास्त आहे. रात्रभर डोक्यात होता. माझं उत्तर असं : दाखवायचं, पण जिथे सगळे तेच दाखवतात तिथे जाऊन. स्टॉकची रेषा कारागिराचा अपमान करायला आखलेली नाही. शनिवारी-रविवारी वेळ काढणारा सुतार, नर्स, शिक्षक यांना स्वतःच्या पगारात पाण्यात उतरता यावं म्हणून ती आहे. पोर्ट उघडायची मुभा दिली की उद्या प्रत्येकाला पोर्ट उघडावे लागतील, परवा ते काम उत्तम करणाऱ्याकडे रांग लागेल, आणि तेरवा ज्याच्याकडे पैसा आहे तो पहिला येईल. तो मार्ग ज्यांना हवा त्यांच्यासाठी वेगळा गट आहे आणि तोही मानाचा आहे. पण पायरी पायरीने वर जाण्याची सोय असणं आणि सगळ्यांना एकदम वरच्या पायरीवर ढकलणं यात फरक आहे. आधुनिक खेळांमधली फार थोडी नियमपुस्तकं हा फरक इतक्या निष्ठेने पाळतात.

१५ फेब्रुवारी

आज मोजमाप. शर्यतीनंतर तपासनीस जे मोजतात ते सगळं आधी आपण मोजून ठेवायचं ठरवलं.

सिलिंडरचा बोअर आणि स्ट्रोक तर मोजतातच. त्यांच्यावरूनच घनफळ निघतं. पोर्टची उंची ब्लॉकच्या वरच्या सपाटीपासून डेप्थ गेजने. कार्ब्युरेटरच्या घशाला गो-नोगो गेज : एक बाजू आत गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. हेडमधली पोकळी ब्युरेटने, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीने; वर पारदर्शक पट्टी ठेवायची आणि छिद्रातून पातळ तेल थेंब थेंब सोडायचं, हवेचा बुडबुडा उरता कामा नये. पोकळी कमी भरली तर कॉम्प्रेशन जास्त, म्हणजे कुणीतरी हेड घासलंय. फ्लायव्हील वजनाला लावतात, कारण हलकं फ्लायव्हील पटकन फेऱ्या पकडतं. आणि मग डोळे. ओतकामाच्या पृष्ठभागाला एक खरखरीतपणा असतो. एकदा कानस किंवा एमरी फिरली की तो परत आणता येत नाही. अनुभवी तपासनीस बॅटरी मारून आत बघतो आणि गेज हातात घेण्यापूर्वीच त्याला अर्धं उत्तर मिळालेलं असतं.

या खेळाचं मर्म मला इथे सापडलं. जे टेबलावर मोजता येतं तेच नियमात लिहिलेलं आहे. हॉर्सपॉवर नियमात नाही, कारण तळ्याकाठच्या तंबूत ती मोजता येत नाही. घनफळ, उंची, व्यास, वजन मोजता येतं, वादाला जागा राहत नाही.

आणि तरीही जागा राहतेच : टॉलरन्सची. कारखान्यात दोन पिस्टन तंतोतंत सारखे निघत नाहीत. नियम म्हणतो इथपासून इथपर्यंत चालेल. जाणकार माणूस त्या पट्ट्याच्या सगळ्यात फायद्याच्या कडेला बसणारे सुटे भाग शोधतो, जुळवतो. याला ब्लूप्रिंटिंग म्हणतात आणि ते पूर्ण कायदेशीर आहे. माझ्या इंजिनाचे आकडे पट्ट्याच्या मधोमध आले. रिंगा नव्या टाकल्या, सिलिंडर हलकेच होन केला. आबांना फोटो पाठवला. होनिंगच्या तिरक्या रेघा बघून त्यांनी फक्त अंगठा पाठवला. त्यांच्याकडून एवढं म्हणजे प्रमाणपत्रच.

२३ फेब्रुवारी

यामाटो हे इंजिन मुळात अमेरिकेसाठी जन्मलेलंच नाही. जपानमध्ये क्योतेई नावाची शर्यत चालते, लोक तिच्यावर पैसे लावतात. पहिली शर्यत ६ एप्रिल १९५२ला नागासाकी प्रांतातल्या ओमुरा इथे झाली, आणि आज देशभर अशी २४ मैदानं आहेत. मैदानं म्हणजे अर्थात पाणी. सहा बोटी, १८०० मीटर, तीन फेऱ्या. इंजिन दोन सिलिंडरचं, ३९६.९ सीसी.

तिथे इंजिनाच्या समतेचा प्रश्न त्यांनी अमेरिकेपेक्षा अगदी वेगळ्या रीतीने सोडवला. इंजिन चालवणाऱ्याच्या मालकीचं नसतंच. ते मैदानाचं असतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी चिठ्ठी काढायची, जो नंबर निघेल ते इंजिन आणि जी निघेल ती बोट. मैदानं दरवर्षी इंजिनांचा अख्खा ताफा बदलतात. तरीही एकाच कारखान्यातून, एकाच वर्षी, एकाच मापाची निघालेली ही इंजिनं सारखी धावत नाहीत. कुठलं इंजिन किती टक्के वेळा पहिल्या दोनांत आलं हे जाहीर केलं जातं आणि पैसे लावणारे तो आकडा चालवणाऱ्याच्या नावाइतक्याच बारकाईने वाचतात. टॉलरन्स म्हणजे काय हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

पंख्याची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. २०१२पर्यंत चालवणारे स्वतःचे पंखे घेऊन येत. ठोकून, घासून, पाती मनासारखी वाकवून केलेले पंखे म्हणजे त्यांची खरी दौलत. तयार करणाऱ्यांचे गटच बनले होते. २०१२मध्ये ही पद्धत बंद झाली. आता पंखाही इंजिनासोबतच मिळतो आणि त्याच्यावरच काम करायचं.

अमेरिकेत याच्या नेमकं उलट. इंजिन तुमचं, पण बंदिस्त. पंखा मात्र मोकळा. दोन्ही देशांनी एक दार बंद केलं आणि एक उघडं ठेवलं, फक्त दारं वेगवेगळी निवडली. माझं मत विचाराल तर हौशी माणसासाठी अमेरिकन तऱ्हा बरी. चिठ्ठीसाठी इंजिनांचा ताफा लागतो, ताफ्यासाठी मैदान लागतं, आणि मैदानासाठी पैसे लावणारी गर्दी. आमच्याकडे तळं आहे, एक तंबू आहे आणि तपासनीस स्वयंसेवक आहे.

युरोपात हीच इंजिनं ओएसवाय-४०० या क्लासमध्ये धावतात. पोलंड आणि बाल्टिक देशांत त्याला मोठा मान.

८ मार्च

सी म्हणजे काय, हा प्रश्न भाचीने व्हिडिओ कॉलवर विचारला. उत्तर शंभर वर्षांमागे जातं.

१९२०-३०च्या दशकांत आउटबोर्डचे क्लास घनइंचांवरून पडले आणि त्यांना इंग्रजी अक्षरं लागली. बी म्हणजे २० घनइंचांपर्यंत, सी म्हणजे ३०पर्यंत, डी ४०, एफ ६०. एक घनइंच म्हणजे १६.३९ सीसी. क्योतेईच्या ३९६.९ला भागून पाहिलं तर २४.२ येतात : बीच्या वर, सीच्या आत. माझं जपानी इंजिन त्या जुन्या अक्षरात कसं बसतं ते कळलं.

एकदा रेषा आखली की कारखाने रेषेला टेकून इंजिन बनवतात. कार्ल किकहेफर यांनी १९३९मध्ये विस्कॉन्सिनमधल्या सीडरबर्गला जो कारखाना घेतला त्यातून मर्क्युरी ही आउटबोर्डची कंपनी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचं केजी-७ आलं. बोअर २.४३७५ इंच, स्ट्रोक २.१२५ इंच, सिलिंडर दोन. गुणाकार करा : १९.८ घनइंच. बीची मर्यादा २०! त्याच मापाचे चार सिलिंडर लावले की केजी-९ : ३९.७च्या घरात, डीची मर्यादा ४०. एकाच पिस्टनवर दोन क्लास, दोन्ही छपराला डोकं टेकलेले.

आणि हॉर्सपॉवर? केजी-७ बाजारात "सुपर १०" म्हणून गेलं. प्रत्यक्षात ते दहाच्या बरंच पुढे होतं. गिऱ्हाईक खूश, दुसऱ्या कंपन्यांची दहाची इंजिनं मागे. म्हणून म्हणतो, शेजाऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर नाही. स्टिकरवर कंपनी तिला हवा तो आकडा लिहू शकते. सिलिंडरमध्ये व्हर्निअर घातला की मात्र एकच आकडा येतो.

दुपारी सॅमॅमिश नदीच्या काठाने चालत गेलो. घरापासून जवळच आहे. आता हिला सरळ केलंय, काठाने सायकलींची वाट आहे. १९३०च्या दशकापासून १९७६पर्यंत या अरुंद, वळणावळणाच्या पाण्यातून आउटबोर्डची शर्यत धावायची, लेक वॉशिंग्टनच्या टोकापासून वर लेक सॅमॅमिशकडे. झाडांच्या फांद्या, पुलाचे खांब, आणि दोन्ही काठांवर माणसांची दाटी. त्या काळची मर्क्युरी अजूनही इथल्या गॅरेजांतून निघतात आणि जुन्या इंजिनांच्या क्लासमध्ये धावतात.

२२ मार्च

मुलीला अकरावं लागलं. तिला पाण्यात उतरायचंच आहे.

तिच्यासाठी 'जे' (J) अक्षराचा क्लास. वय नऊ ते पंधरा. इथली रचना मला सगळ्यात शहाणी वाटते. १५ हॉर्सपॉवरच्या वर्गातलं एक लहान इंजिन घ्यायचं आणि कार्ब्युरेटर व मॅनिफोल्ड यांच्यामध्ये छिद्र पाडलेली एक चकती बसवायची. छिद्रातून जाईल तेवढीच हवा, तेवढंच इंधन, तेवढाच वेग. मूल मोठं झालं, हात बसला, की चकती काढायची : तेच इंजिन ए स्टॉकमध्ये गेलं. मधली पायरीही आहे, जरा मोठ्या छिद्राच्या चकतीची. ज्या मुलांचं वजन वाढलंय पण ए अजून झेपत नाही त्यांच्यासाठी.

म्हणजे मुलाच्या वाढीबरोबर आईबापांनी दर दोन वर्षांनी नवं इंजिन घ्यायचं नाही. बदलायची ती हातावर मावेल एवढी चकती. आणि तपासायला सोपी : छिद्रात गेज घाला, झालं.

बायकोची काळजी वेगळी आणि योग्य. तिच्याबरोबर बसून सुरक्षेचं प्रकरण ओळीने वाचलं. हेल्मेट, मानेला आधार, शर्यतीचं लाइफ जॅकेट, पंख्याच्या पात्याने कापू नये म्हणून हातापायांना कापरोधक कापड, आणि मनगटाला वा जॅकेटला बांधलेली दोरी; चालवणारा बाहेर फेकला गेला की दोरी खेचली जाते आणि इंजिन बंद. त्याआधी प्रशिक्षण. ती म्हणाली, आधी प्रशिक्षण होऊ दे, मग बोटीचं बघू. तसंच ठरलं.

५ एप्रिल

मागची फळी नव्याने मजबूत केली. स्टिअरिंगच्या केबल बदलल्या. डाव्या स्पॉन्सनखालची फिन सरळ केली. सगळी वळणं डावीकडेच असतात, वळताना हीच फिन पाण्याला धरून ठेवते. लिहिण्यासारखं आणखी काही नाही.

१९ एप्रिल

पाण्यात! तळ्यावर सकाळचं धुकं विरेपर्यंत थांबलो आणि उतरलो.

आजचा दिवस पंख्यांचा. साधं गणित असं : पंखा एका फेरीत जितका पुढे सरकायला हवा तो त्याचा पिच. इंजिन ६६०० फेऱ्यांवर, गिअरचं प्रमाण एकास एक आणि पिच दहा इंच धरला, तर मिनिटाला ६६,००० इंच, म्हणजे ताशी ६२.५ मैल. पण पाणी म्हणजे लाकूड नाही, स्क्रू पूर्ण धरत नाही, थोडं घसरतंच. ती घसर वजा केली की खरा वेग.

पिच वाढवला की कागदावर वेग वाढतो, पण मग इंजिन त्या फेऱ्यांपर्यंत पोचत नाही. कमी केला की फेऱ्या वर जातात आणि बोट तिथेच. शिवाय सरळ रेषेत छान धावणारा पंखा वळणातून बाहेर पडताना धापा टाकतो. शर्यत तिथेच ठरते, म्हणून आज मी जो पंखा निवडला तो सरळ रेषेत सर्वांत वेगवान नव्हता.

मग इंजिनाची उंची. फळीवर इंजिन जितकं वर, तितका खालचा गिअरचा भाग पाण्याबाहेर आणि ओढ कमी. पंख्याची वरची पाती हवेत फिरतात, खालची पाण्यात कापतात. फार वर गेलं की वळणावर पंख्याला हवा लागते, फेऱ्या एकदम उडतात आणि बोट बसते. पाचरी घालून पाव पाव इंचाने बदल केला. कोनाचंही तसंच : पंख्याचा दांडा जरा खाली झुकवला की बोटीचं नाक खाली दबतं, वर केला की नाक उचलतं. आज वारा होता. वाऱ्यात नाक उचललेली हायड्रो उलटू शकते, म्हणून बेताने.

पंखा, उंची, कोन, बसायची जागा, कार्ब्युरेटरची सुई. स्टॉकने एवढं मोकळं सोडलं आहे आणि यातलं काहीही पैशाने भरून निघत नाही. पाण्यावर तास घालावे लागतात.

३ मे

वजन. प्रत्येक क्लासला किमान वजन ठरलेलं : बोट, इंजिन, चालवणारा, अंगावरचं सगळं धरून, शर्यत संपल्या संपल्या काट्यावर. हा नियम नसता तर हा खेळ किरकोळ बांध्याच्या माणसांचाच झाला असता, आणि बोटी कागदासारख्या पातळ बांधल्या गेल्या असत्या. हलक्या माणसाला शिसं घ्यावं लागतं आणि ते बोटीला पक्कं आवळलेलं हवं. उलटताना सुटलेलं शिसं कुणाला लागलं तर काय होईल हे सांगायला नको.

मी किमान वजनाच्या जरा वर भरतो. शिशाचा प्रश्न नाही, भाताचा आहे.

१७ मे

सांगलीहून मावसभावाचा फोन. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये तो आंध्रातल्या अमरावतीला फॉर्म्युला वन बोटी बघायला गेला होता, कृष्णेवर. महाबळेश्वरला उगम पावलेलं आपलंच पाणी, म्हणून त्याला त्याचं जास्तच अप्रूप. "त्यात आणि तुझ्यात काय फरक रे?"

तेही आउटबोर्डच, म्हटलं. अडीच लिटरचं व्ही-६, चारशेच्या आसपास हॉर्सपॉवर, बंद कॉकपिट, टनेल बोट. तो खेळ यूआयएम या जागतिक संघटनेचा. ती १९२२ची, आता मोनॅकोत. पण त्याच संघटनेच्या शिडीची खालची पायरी जीटी-१५ आहे, पोरांची, १५ हॉर्सपॉवरची. मग जीटी-३०. मग एफ-४ला मर्क्युरीचं ६० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक, सगळ्यांना सारखं. २०१७च्या मार्चमध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पी-वन बोटी धावल्या, तिथेही बोटी एकाच साच्याच्या आणि इंजिनं एकाच मापाची. समता कुठून आणायची याची उत्तरं वेगवेगळी, प्रश्न सगळीकडे एकच.

त्याला खरं तर एवढंच हवं होतं : आपल्याकडे का नाही? आपल्याकडे मालवणपासून डहाणूपर्यंत होडीच्या मागे आउटबोर्ड लावून समुद्रात जाणारी माणसं आहेत, त्यांना लाट कळते, पंखा कळतो, इंजिन समुद्रात बंद पडलं तर ते खोलताही येतं. कारागीर आहेत, धरणांची पाणी आहेत. शंभर इंजिनं लागणार नाहीत. एक मापाचं एक साधं इंजिन ठरवायचं, एक चकती, एक गेज, एक वजनकाटा. आणि प्रामाणिकपणे मोजणारा एक माणूस. कोल्हापुरात तसे मला कितीतरी माहीत आहेत.

१४ जून

शर्यत झाली.

सुरुवात घड्याळावर. काठावर मोठा काटा, शेवटचं मिनिट उलटं सरकत जातं, बोटी तोपर्यंत पाण्यात फिरत असतात, आणि शून्यावर पूर्ण वेगात रेषा ओलांडायची. क्षणभर आधी ओलांडली तर ती फेरी (हीट) बाद. क्योतेईतही सुरुवात अशीच धावती. तिथे तर एक सेकंद उशीर झाला तरी बाद. पहिल्या फेरीत मी सावध राहिलो आणि सगळ्यांच्या पाण्याच्या फवाऱ्यात शिरलो. समोर पांढरी भिंत, डाव्या कानाशी आवाज, वळणाचा तरंगता बॉय (खूण) कुठे आहे ते अंदाजाने. पाचवा. दुसऱ्या फेरीत रेषेवर वेळ बरी साधली, पहिल्या वळणाला आतली बाजू मिळाली. चौथा.

गुणांची पद्धत सुंदर आहे : पहिल्याला ४००, दुसऱ्याला ३००, मग २२५, १६९, १२७. प्रत्येक आकडा आधीच्याच्या तीन चतुर्थांश. माझे १२७ आणि १६९, एकूण २९६.

काट्यावर वजन भरलं, मीटरवर इंधन तपासलं गेलं, मग पहिल्या आलेल्यांची इंजिनं टेबलावर उघडली. माझं उघडायचं नव्हतं, पण मदतीला हात हवा होता म्हणून ब्युरेट मी धरली. पहिल्या आलेल्या बाई साठीच्या पुढच्या, इंजिन माझ्याहून जुनं. पट्टी ठेवली, तेल सोडलं, बुडबुडा काढला. पोकळी बरोबर. पोर्टची उंची बरोबर. बॅटरी मारून आत पाहिलं : ओतकाम खरखरीत, जसं कारखान्यातून निघालं तसं. माझ्या इंजिनात आणि त्यांच्या इंजिनात मोजता येईल असा फरक नव्हता, आणि वळणातून बाहेर पडताना त्या प्रत्येक वेळी माझ्यापुढे दोन बोटींचं अंतर टाकत होत्या. त्यांना विचारलं, उंची किती ठेवता? त्यांनी टेप काढून मला मोजूनच दाखवली. माझ्यापेक्षा पाव इंच खाली. कोन मात्र जरा वरचा.

पुढच्या शनिवारी : पाव इंचाची पाचर काढायची, कोन एक अंश उचलायचा, दोन्ही पंखे पुन्हा वळणावर लावून बघायचे. मुलीच्या प्रशिक्षणाचा अर्ज भरायचा. आबांना आकडे कळवायचे.